तिसऱ्या नळीतला धागा

घरून निघताना गॅसचं बटण बंद आहे का हे पाहायला मी तीनदा मागे फिरते. कुलूप ओढून पाहते, आणि कोपऱ्यावर पोचले की वाटतं, आपण ओढलं ते काल, आज नाही. नवऱ्याला याची इतकी सवय झाली आहे की तो स्कूटर बंदच करत नाही, नुसता उभा राहतो. माहेरी पारशिवनीला माझी भावजय चारचौघांत सांगते, ताईंनी केलेला चहा प्यायचा असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा, त्या अजून साखर तपासून राहिल्या. मग एखादा पाहुणा हमखास विचारतो, अशी बाई विमानं तपासते? मी सांगते, अशीच बाई तपासते. बिनधास्त माणसानं तपासलेल्या विमानात तुम्ही तरी बसाल का?

हे सांगताना माझा थोडा तोरा असायचा. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तो उतरला.

मी नागपुरात एका लहानशा उड्डाणशाळेच्या हँगरमध्ये इंजिनिअर आहे. एका पंख्याची, चार सीटची विमानं, त्यात शिकाऊ पायलट. इंजिन बघायचं, कागदावर सही करायची, की विमान उडायला मोकळं. सही करताना माझा हात दरवेळी जड होतो. वीस वर्षांत तो कधी हलका झाला नाही.

लोकांना वाटतं विमानाचं इंजिन म्हणजे काहीतरी अगम्य प्रकार असणार. लहान विमानाचं इंजिन तसं साधं असतं. चार सिलिंडर, पेट्रोल, हवा आणि ठिणगी. प्रश्न एवढाच की पेट्रोल आणि हवा यांची गाठ कुठे घालून द्यायची. जुन्या पद्धतीत कार्बोरेटर असतो. तिथे एकाच गळ्यात दोन्ही मिसळतात आणि ते मिश्रण चारही सिलिंडरांकडे जातं. वाटप काही सारखं होत नाही, कुणाला जास्त जातं, कुणाला कमी. शिवाय दमट हवेत त्या गळ्यात बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. फ्युएल इंजेक्शनमध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या. पंप पेट्रोल ढकलतो, एक मापारी यंत्र आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेऊन त्या मानानं पेट्रोल पुढे सोडतं, आणि ते इंजिनाच्या डोक्यावरच्या एका गोल डबीत जातं. डबीतून चार बारीक पोलादी नळ्या चार सिलिंडरांकडे निघतात, म्हणून आम्ही तिला कोळी म्हणतो. प्रत्येक नळीच्या टोकाला एक पितळी नोझल. त्यातल्या छिद्रात शिवणाची सुई जेमतेम जाईल, आणि ती कधीही घालायची नाही हा आमचा पहिला नियम. छिद्र केसभर मोठं झालं तरी त्या सिलिंडरचं माप कायमचं बिघडतं.

ज्यांच्या घरी कूलर आहे, म्हणजे अख्खं नागपूर, त्यांना हे समजायला वेळ लागत नाही. कूलरचा पंप खालचं पाणी वर चढवतो, वरच्या नळीतून ते तीन बाजूंच्या गवती ताट्यांवर झिरपतं. एका बाजूची भोकं क्षारानं बुजली की ती ताटी कोरडी पडते आणि तिकडून गरम झळ येते. बाकीच्या दोन ओल्या असतात, पंखा फिरत असतो, त्यामुळे कूलर चालू आहे असंच सगळ्यांना वाटतं. इंजिनाचंही तसंच. एक नोझल बुजलं की तेवढं एक सिलिंडर उपाशी राहतं आणि बाकीची तीन त्याला ओढत नेतात.

खरी मेख पुढे आहे. पायलटसमोर एक तबकडी असते, तासाला किती पेट्रोल जातंय ते सांगणारी. आमच्या त्या विमानातली तबकडी प्रत्यक्ष पेट्रोल मोजत नाही. ती कोळ्यातला दाब पाहते आणि त्या दाबावरून आकडा सांगते. नोझल बुजलं की पेट्रोलाला वाट कमी मिळते, दाब वाढतो आणि काटा वर चढतो. म्हणजे आत एक सिलिंडर उपाशी, आणि काटा म्हणतो आज इंजिन जास्त खातंय. नवीन पायलट काय करणार? पेट्रोल कमी करायचं लाल बटण असतं, ते तो बाहेर ओढणार. उपाशी सिलिंडरच्या तोंडचा उरलासुरला घासही जाणार. ही गोष्ट पुस्तकात असते, पण एका कोपऱ्यात, आणि कोपऱ्यातलं परीक्षेत येत नाही.

त्या मे महिन्यात एका विमानाची तक्रार आली. गरम असताना बंद करून पुन्हा चालू केलं की इंजिन थरथरतं. हँगरमध्ये सगळ्यांचं म्हणणं एकच, उन्हाळा आहे. आणि ते खोटं नव्हतं. आमच्याकडच्या उन्हात इंजिन बंद झालं की झाकणाखाली भट्टी होते, त्या बारीक नळ्यांतलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि इंजिन काही वेळ हट्टी मुलासारखं वागतं. पण उन्हाळा आहे म्हणून सगळंच उन्हावर ढकलायचं हे मला पटत नाही. मी झाकण काढलं, चारही नोझल सोडवली, औषधात भिजवली, हवेनं फुंकून साफ केली. मग बाटल्यांची परीक्षा. सदरमधल्या एका केमिस्टकडून आणलेल्या चार सारख्या काचेच्या बाटल्या आहेत माझ्याकडे. साफ केलेली नोझल नळ्यांना लावायची, एकेक नोझल एकेका बाटलीत सोडायचं, पंप थोडा वेळ चालवायचा आणि चारही बाटल्या सपाट फळीवर शेजारी शेजारी ठेवायच्या. विमानाचं पेट्रोल निळं असतं. चार निळ्या रेषा एका उंचीवर आल्या की नोझल सारखी. त्या दिवशी अगदी सारखी आली. बरं वाटलं.

मग नोझल आपापल्या सिलिंडरमध्ये परत बसवायची होती. त्यासाठी नळ्या पुन्हा सोडवल्या. उघड्या नळीचं तोंड एक मिनिटही उघडं ठेवायचं नाही, त्यावर प्लास्टिकची लाल टोपी घालायची. चार नळ्या, चार टोप्या, आणि काम संपल्यावर चार टोप्या हातात मोजून घ्यायच्या. टोपी नसेल तर काम थांबवायचं, पण चिंधी कोंबायची नाही. सुती कापडाला धागे सुटतात. यावरून मी आमच्या मेकॅनिकांना इतकं बोलले आहे की मी आले की ते खिशातले रुमालसुद्धा लपवतात.

त्या दिवशी तीनच टोप्या सापडल्या. चौथी कुठे गेली कोण जाणे. पलीकडून सर दोनदा विचारून गेले होते, संध्याकाळच्या चाचणीला विमान मिळेल का. सर म्हणजे आमचे मुख्य प्रशिक्षक, साठी उलटलेले, सतत बडीशेप चघळणारे. ते रागावत नाहीत, नुसते घड्याळ बघतात, आणि मला त्याचाच जास्त त्रास होतो. स्टोअरपर्यंत जाऊन यायला पाच मिनिटं लागली असती. मी ती पाच मिनिटं वाचवली. हात पुसायच्या मऊ सुती कापडाचा एक तुकडा पिळून तिसऱ्या नळीच्या तोंडात बसवला, नोझल घट्ट केलं, बोळा काढून एप्रनच्या खिशात टाकला आणि नळी जोडली. जोडण्याआधी एकदा पंप चालवून नळी धुवून घ्यायची असते. तेही राहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

संध्याकाळी सर स्वतः विमान वर घेऊन गेले, अर्ध्या तासानं उतरले आणि म्हणाले, एकदम मस्त. मी सही केली. त्या रात्री मी शांत झोपले, याचं मला आजही नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विमानात एक शिकाऊ मुलगी एकटी जाणार होती. मौद्याची, वडिलांचं मोटारपंप बांधायचं दुकान, त्यामुळे यंत्रांची भीती नाही आणि प्रश्न विचारायची लाजही नाही. प्रशिक्षकाशिवाय लांब जायची, म्हणजे लांबच्या सोलोची, ही तिची पहिलीच वेळ. नागपूरहून उत्तरेला पारशिवनी, तिथून वळून मौदा, आणि मौद्याहून परत. मौद्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या लांबून दिसतात म्हणून आमची सगळी मुलं वाट चुकली की त्याच शोधतात. ती म्हणायची, माझं तर घरच तिथे आहे, मी कशी चुकणार.

साडेसातला ती उडाली. मी तिला डोळ्यांआड होईपर्यंत पाहिलं, सवयीनं. मग रजिस्टरमध्ये काहीतरी लिहायला पेन शोधत एप्रनच्या खिशात हात घातला आणि कालचा बोळा हाताला लागला.

टोकाला तो निळा पडला होता. निळ्या टोकाची कड सरळ नव्हती, कुरतडल्यासारखी होती. मी तो उजेडात धरला. बाकी तिन्ही कडांचे धागे जागच्या जागी होते, त्या एका कडेचे नव्हते. समोरच्या घड्याळात सात एकेचाळीस झाले होते.

यानंतर काय करायचं हे मला पक्कं माहीत होतं. पंधरा पावलांवर सरांची खोली होती, खोलीत रेडिओ होता. जाऊन सांगायचं, तिला परत बोलवा. एवढंच. आणि मी तिथेच उभी राहिले.

डोक्यात वकिली सुरू झाली. धागे खिशातही गळले असतील. खिसा उलटा करून पाहिला, त्यात बडीशेपेचे दोन दाणे आणि बसचं तिकीट होतं. धागे नळीत गेलेच असतील तर कालच्या चाचणीतच अडकले असते. काल अर्धा तास सगळं ठीक होतं. आत्ता तिला बोलावलं आणि काहीच निघालं नाही तर? आणि निघालं तर? मी, जी रुमालावरून माणसांना रडवते, तिनं नळीत चिंधी कोंबली हे अख्ख्या हँगरला कळणार. लायसन्सवर गदा येणार. मी त्या हँगरमधली पहिली बाई, पहिली पाच वर्षं माझ्या प्रत्येक सहीमागे कोणीतरी पुन्हा जाऊन बघत असे. ते सगळे दिवस परत येणार. मला हे सगळं सुचत होतं आणि त्या मुलीचा चेहरा मात्र मी डोळ्यांसमोर येऊ देत नव्हते. माझा घाबरटपणा म्हणजे इतरांची काळजी, असं मी जन्मभर समजत आले होते. त्या दिवशी कळलं की त्यातला बराचसा वाटा माझ्या स्वतःसाठी राखीव होता.

सात बावन्नला मी सरांच्या दारात गेले. बोळा टेबलावर ठेवला आणि जे केलं ते सांगितलं. त्यांनी बडीशेप चघळायचं थांबवलं.

"केव्हा कळलं?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच."

त्यांनी रेडिओ उचलला. त्यांचं आणि तिचं बोलणं इंग्रजीत, ठरावीक शब्दांत चालतं. सगळं ठीक आहे का, असं त्यांनी विचारलं. तिचा आवाज आला, सगळं नॉर्मल. माझा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता, तेवढ्यात त्यांनी विचारलं, पेट्रोलचा काटा कुठे आहे ते नीट बघून सांग. मधे थोडा वेळ नुसती खरखर. मग ती म्हणाली, नेहमीपेक्षा दोन रेघा वर.

म्हणजे नोझल बुजलं होतं. मी भिंतीला टेकले.

सरांचा आवाज तसाच होता, भाजी आणायला सांगावी तसा. लाल बटण पूर्ण आत ठेव, काहीही झालं तरी ओढू नकोस. विजेवरचा पंप चालू कर. इंजिनाचा जोर थोडा कमी कर, उंची सोडू नकोस, सरळ नागपूरकडे वळ. आणि खाली एखादं मोकळं शेत सारखं नजरेत ठेव. शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की ऐकणाऱ्याला ती रोजचीच सूचना वाटावी, इंजिन बंद पडलं तर उतरायची तयारी नव्हे. मग त्यांनी फोन उचलून टॉवरला कळवलं.

उन्हाळ्यात शेतं रिकामी असतात हे खरं. पण मौद्याच्या बाजूनं विजेचे मनोरे चहूकडे पसरलेले आहेत आणि वरून तारा दिसत नाहीत, मनोरे दिसतात. मी डोळे मिटले की तारा दिसायच्या, उघडले की घड्याळ. त्या एका सिलिंडरचं आत काय चाललं असेल ते मला चित्रासारखं दिसत होतं. पेट्रोल कमी, हवा जास्त, मग ते जळताना भलतंच तापतं, आणि आधीच बाहेर मे महिना. तीन सिलिंडरांवर विमान काही वेळ तगतं. काही वेळ म्हणजे किती, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. सर दर दोन मिनिटांनी तिला काहीतरी विचारत होते, उंची किती, दिशा काय, तिनं बोलत राहावं म्हणून. ती उत्तर द्यायची तेवढाच मी श्वास घेत होते.

आठ वाजून आठ मिनिटांनी चाकं टेकली. उतरणं सुरेख होतं. धावपट्टीवरून वळून ती आमच्या हँगरपर्यंत आली, इंजिन बंद झालं, आणि मी तिच्याकडे न जाता आधी इंजिनाकडे गेले. हातमोजे घालून झाकण उघडलं. तिसऱ्या नोझलभोवती निळा डाग होता. पेट्रोलाला पुढे वाट नसली की ते नोझलच्या हवेच्या भोकातून बाहेर येतं आणि उडून गेल्यावर मागे तेवढा निळा रंग उरतो. नोझल काढून सरांच्या समोर उजेडात धरलं. छिद्रात दोन पांढरे धागे एकमेकांत अडकून बसले होते, अर्ध्याहून जास्त वाट अडवून.

अहवाल त्याच सकाळी मीच लिहिला. तीन टोप्या, बोळा, न धुतलेली नळी, सगळं. चौकशी झाली, तीन महिने माझी सही बंद राहिली, आणि ज्यांना मी रुमालावरून बोलले होते त्यांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. अहवालात फक्त एक गोष्ट खरी नव्हती. चूक केव्हा लक्षात आली या रकान्यात मी लिहिलं, सात बावन्न.

विमान उतरलं त्याच दुपारी ती मुलगी माझ्याकडे आली. मी हँगरच्या मागच्या सावलीत डबा न उघडता बसले होते. ती शेजारी बसली. मला वाटलं रागावायला आली, आणि तिचा तो हक्कच होता. पण तिनं विचारलं, "मॅडम, सरायनं मले रेडिओवर विचारलं, तुमाले खरंच तवाच कळलं होतं का?"

सरांना खोटं सांगता आलं होतं. कागदाला सांगता आलं होतं. तिला आलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "अकरा मिनिटं आधी कळलं होतं. मी भेली होती. लायसन्सले भेली, लोकायले भेली. उभीच राहिली नुसती."

तिनं मान हलवली. मी वाट पाहत होते की ती उठून जाईल. ती पायाजवळची माती चपलेनं सारखी करत राहिली.

"मीबी सांगतलं नाही," ती म्हणाली. "पारशिवनी मागं पडली तवाच काटा वर गेला होता. मी लाल बटण जरासं ओढलं, तं इंजिन थरथर करून राहिलं. मंग ते पुन्हा आत ढकललं. बोलाचं बटण तं अंगठ्याखालीच होतं. पन म्हटलं, सांगतलं तं वापस बोलावतील, अन् सोलो गेला माझा."

"अन् सरायनं विचारलं नसतं तं?"

"मौद्याच्या चिमण्या दिसत होत्या, मॅडम. म्हटलं, घरापर्यंत तं जाते."

माझा हात तिच्या अंगावर उगारला जाईल इतका राग आला. मोटारपंप बांधणाऱ्याची पोर, इंजिन थरथरलेलं हातानं कळतं आणि तोंड उघडत नाही. काय बोलायचं ते सगळं जिभेवर तयार होतं, वर्षानुवर्षं लोकांना बोलून तयार झालेलं. मी तिला विचारलं, पारशिवनीवर कधी होतीस. तिनं सांगितलं, सात सेहेचाळीसला, वहीत टिपलं आहे.

सात सेहेचाळीसला मी पंधरा पावलांवर बोळा हातात धरून उभी होते, पाच मिनिटांपासून. मी एकेचाळीसलाच त्या खोलीत गेले असते तर पारशिवनी यायच्या आधीच ती वळली असती. काटा चढताना तिनं एकटीनं पाहिलाच नसता, आणि गप्प बसायची पाळीही तिच्यावर आली नसती.

मी डबा उघडून तिच्यापुढे सरकवला, आणि झाकणात तिनं आधी माझा वाटा काढून ठेवला.